खालचा आवाज

स्टुडिओत धाकटी केव्हाची येऊन बसली होती. आता दार उघडेल, ताई आत येईल, आणि मग? इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर पहिला शब्द कुणी काढायचा?

दोघी बहिणींनी तरुणपणी गिटारवरचं एक हलकंफुलकं गाणं गायलं होतं. तेव्हा ते रेडिओवर घरोघरी वाजे. ताईचा आवाज वरचा. धाकटीचा खालचा, तिला सावलीसारखी साथ देणारा. पुढे ते गाणं कितीतरी जणांनी नव्यानं गायलं. एकानं संथ करून रडवलं, एकीनं ढोल बडवून नाचवलं. पण खालचा आवाज प्रत्येकानं काढून टाकला, चहात पडलेल्या माशीसारखा. त्यात ताई टीव्हीवर एकटीच सत्काराला गेली, 'माझं गाणं' म्हणाली, आणि बहिणींचं बोलणंच तुटलं.

आता एका नव्या गायिकेला ते पुन्हा दोन्ही आवाजांत करायचं होतं. शेवटचं कडवं मूळच्या दोघींनीच गावं, हा तिचा हट्ट.

"मावशी, पाणी देऊ?" तिनं विचारलं.

"नको गं. आधी ताई येऊ दे."

तेवढ्यात ताई आलीच. किती वाळली होती! गळ्याभोवती मफलर. कुणाकडे न बघता तिनं खुर्ची ओढली.

"वरचा सूर तू घे, खालचा मी गाते," ती म्हणाली.

"मी?"

"माझा गळा गेला. ऑपरेशन झालं मध्यंतरी."

सख्ख्या बहिणीचं ऑपरेशन होतं आणि आपल्याला पत्ता नाही! विचारायला तोंड उघडलं, तोवर कानांवरच्या हेडफोनमध्ये गिटार सुरू झालीसुद्धा.

तिनं डोळे मिटून वरचा सूर उचलला. थरथरला, पण लागला. शेजारून मात्र काहीच येईना. पुन्हा सुरू केलं. ताई कधी धाकटीच्याच सुरावर घसरे, कधी गप्प होई. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट चुळबुळ करू लागला.

ताईनं हेडफोन काढला.

"मला तुझा भाग येतच नाही गं. शेजारी उभी असायचीस, पण मी कधी ऐकलंच नाही."

धाकटीच्या ओठांवर आलं होतं, 'ते मला ठाऊक आहे.' पण ताईची बोटं मफलरच्या टोकाशी चाळा करत होती. परीक्षेला जाताना वेणीशी करायची, अगदी तसाच.

"तू शब्द लांबवायचीस ना, तिथं मी खाली उतरायची," धाकटी म्हणाली. "माझ्या हाताकडे बघ."

"चिडली नाहीस?"

"चिडलेच आहे. आधी हे म्हण."

कोपऱ्यात बसून ताई एकेक ओळ घोकू लागली. ती चुके आणि धाकटी पुन्हा हात खाली आणून दाखवी. अखेर बसलं एकदाचं. घोगरं, एका जागी किंचित उशिरा. पण गायिकेनं ते तसंच ठेवलं.

गाणं बाहेर आलं त्या सकाळी धाकटीचा हात काही ते लावायला धजेना. लोक हसले तर? ताईच्या त्या गळ्याला नावं ठेवली तर? इतक्यात फोन वाजला.

"ऐकलंस?" ताईनं विचारलं.

"नाही. तू?"

"छातीच होत नाही गं."

"मग ये इकडे. आणि ऑपरेशनचे कागदही घेऊन ये. मला सगळं नीट सांग आधी."