तक्रारीचे वाचन

मतदानाला नऊ दिवस उरले असताना पंचायत समितीची आमची उमेदवार, माझी जुनी विद्यार्थिनी दुर्पता, हिला अटक झाली आणि प्रचाराची सूत्रे माझ्याकडे आली. गावातल्याच दुलीचंदची तक्रार अशी, की तिने दुपारी बारा वाजता तलावाच्या पाळीवर विळ्याने त्याचा उजवा हात जखमी केला. ती तक्रार विरोधकांनी त्याच्याकडून लिहवून घेतली, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे, असे मी चौतीस वर्षे वर्गात शिकवले आहे.

म्हणून मी भाषणे बंद केली. कार्यकर्ती अल्का आणि मी घरोघर जाऊन केवळ त्या तक्रारीची प्रत वाचू लागलो. "दुपारी बारा" हे शब्द आले की ऐकणारा हसे. त्या दिवशी, त्याच वेळी, दुलीचंद सुकरामच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वरण वाढत होता.

"त्याच हातात बादली होती ना जी!" एक म्हातारी म्हणाली. "माह्या लुगड्यावर सांडवलन त्यानं."

पोलीस ठाण्यात साक्ष द्यायला मात्र कोणी येईना.

चार दिवसांत दुलीचंदला रस्त्याने चालणे अशक्य झाले. पानठेल्यावरची माणसे ओंजळ पुढे करून म्हणत, "भाऊ, वरण वाढ ना गा!" मला याचा अतोनात आनंद झाला. तो लपवण्याचे कारण मला आजही दिसत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी आठ वाजता तो माझ्या अंगणात उभा.

"चुकलो मी, गुरुजी. आज जामिनाची तारीख हाये. माही हरकत नाई म्हनून लिहून देतो. चला वकिलाकडं, अर्जुनीच्या कोर्टात."

अल्काने चपला पायात घातल्याही.

"नाही," मी म्हणालो. "परवाच्या सभेत मंचावर चढायचे. ही तक्रार स्वतः वाचायची. कोणी लिहवली, तेही सांगायचे. मग वकील."

"ताई आज सुटून राहिली, अन् तुमी सभा कायले काढता, गुरुजी?" अल्का म्हणाली.

"बदनामी चारचौघांत झाली; माफीही चारचौघांतच होईल."

दुलीचंदचे ओठ थरथरत होते. मला ते आणखी थरथरायला हवे होते.

तो "हो" म्हणून गेला, आणि त्याच संध्याकाळी विरोधकांच्या गाडीतून सासुरवाडीला पळाला. जामीन नाकारला गेला. दुर्पता एकशे बारा मतांनी निवडून आली. सुटली मात्र अटकेपासून अठ्ठाविसाव्या दिवशी.

कारागृहाच्या दारात मी हार घेऊन उभा होतो. तिने मान पुढे केली नाही.

"अल्कानं सांगतलन मले. पहिले पाच दिवस दुलीचंदाचे. बाकीचे कोनाचे, गुरुजी?"

मी मतांच्या आघाडीवरून युक्तिवाद सुरू केला. तिने तो पुरा होऊ दिला नाही.

"तुमाले लेहता चांगलं येते. लेहा. तारीख, वेळ, अल्का काय बोलली, तुमी काय बोलले. अन् वाचा घरोघरी, तसंच."

मी लिहिले. एकही शब्द सौम्य केला नाही.

पहिले घर तिचेच होते. तिचा नवरा उदेभान अंगणात धान पाखडत होता. त्याने सूप खाली ठेवले. मी अखेरपर्यंत वाचले. त्याने घरात हाक मारली, आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी दिव्या दारात आली.

"आता पुन्हा वाचा जी," उदेभान म्हणाला. "माय काऊन येत नाई म्हनून हे पोरगी रोज इचारे."