मुखपृष्ठ काही बदलेना

श्रद्धा कॉलेजात गणित शिकवायची, पण तिची खरी परीक्षा मेहकरच्या सासरी लागली होती. सासरे रमाकांत सर निवृत्त होत होते आणि त्यांच्या गौरव पुस्तिकेचं काम सासूबाईंनी, म्हणजे सुलभाताईंनी, मोठ्या विश्वासानं नव्या सुनेवर टाकलं होतं. मुखपृष्ठावर सर शाल-नारळ घेऊन एकटेच उभे होते. सुलभाताईंनी सपत्नीक सत्काराचा दुसरा फोटो कपाटातून शोधून दिला. त्यात सरांशेजारी त्या स्वतः होत्या.

प्रेसवाल्या जुनेदभाईंना दुपारी फाइल हवी होती. श्रद्धानं जुन्या फोटोच्या जागी, त्याच नावानं, नवा फोटो ठेवला. पडद्यावर सर एकटेच. मजकुरावरून पानं जुळवणाऱ्या प्रोग्रामला तिनं पुस्तिका पुन्हा तयार करायला सांगितली, तर त्यानं खुशाल कळवलं की काही बदललेलंच नाही.

सासूबाई मागेच उभ्या होत्या. आधी त्यांनी कॉम्प्युटरला नावं ठेवली, मग त्यांची नजर सुनेवर आली.

"मी नको असन त्याच्यात, तर सरळ सांगून दे."

आता ही गोष्ट जन्मभर ऐकावी लागणार! श्रद्धानं घाईघाईनं नवा फोटो उघडून दाखवला आणि समजावलं, की हा प्रोग्राम फक्त मजकूर बदलला का ते बघतो, बाजूला ठेवलेला फोटो बदलला तरी त्याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं.

सुलभाताईंनी ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"मंग त्याले हलवून पाय. घराले रंग दिला, तरी यायले दिसला नव्हता. खांदा हलवला तवा दिसला."

श्रद्धानं मजकुरातच एक मोकळी जागा टाकली आणि सेव्ह केलं. प्रोग्राम लगेच कामाला लागला. पान नव्यानं उमटलं आणि सरांशेजारी सुलभाताई आल्या, ठसठशीत, काठापदराच्या साडीत. श्रद्धाला इतकं हायसं वाटलं, की तिनं सासूबाईंचा हातच धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

दोघी लॅपटॉप घेऊन ओसरीवर गेल्या. सरांनी बघितलं, शाल बरी आली म्हणाले आणि पेपरात परत डोकं घातलं. सुलभाताईंनी पेपर काढून घेतला. मग मात्र सरांनी चष्मा पुसून नीट पाहिलं.

"तू कवा आली याच्यात?"

"लगन झालं तवाच," सुलभाताई म्हणाल्या.