गणूकाकाचा हात

मुरबाडच्या अलीकडच्या त्या गावात लग्न कुणाचंही असो, मांडवाच्या दाराशी पाहुण्यांचे हात हातात घ्यायला गणूकाकालाच उभं करायचे. काकाने एकदा हात धरला की लवकर सोडतच नसे. सोयरे म्हणायचे, माया असावी तर अशी. गावालाही या मायेचा भारी तोरा होता.

गावातल्याच भाविकाच्या लग्नात मितालीची नजर मात्र काकाच्या बोटांवर अडली. ती काकाची पुतणी, मुंबईत एका प्रयोगशाळेत स्नायूंवर काम करणारी. काका बोटं सोडवायला बघत होता आणि ती सुटत नव्हती, हे फक्त तिला दिसलं. त्यात महिन्याभरात तो दोनदा चक्कर येऊन पडलेला. ऊन लागलं, असं सगळ्यांना सांगून मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला पडवीत बसवून आपला संशय सांगितला. शरीरात जनुकांना कामं वाटून देणारे मुकादम असतात. काकाचा मुकादम बहुधा एकाच बांधावर अडकून पडला होता आणि बाकीच्या शेतात तान्हेपणीचीच कामं अजून चालली होती. म्हणून स्नायू एकदा आवळले की लवकर सैल पडत नाहीत, मूठ सुटायला वेळ लागतो. तोच घोळ हृदयात असला, तर एखाद दिवशी ठोकाच पडायचा नाही.

काकाने तोंड फिरवलं. "म्हंजे इतकी वर्सं मी माया केलीच नाय? नुसता रोग व्हता?"

 मितालीला रडूच आलं. काकाच्या बायकोने, धोंडूकाकूने, चहाचे कप ठेवले आणि रोग असो की माया, कल्याणची जीप सातला सुटते, एवढंच सांगितलं. काकाची पिशवी तिने आधीच भरून ठेवली होती.

कल्याणच्या इस्पितळात मितालीचा संशय खरा निघाला. काकाच्या खांद्याखाली काडेपेटीएवढं यंत्र बसलं आणि ठोक्यांना राखणदार मिळाला. मुठीवर डॉक्टरांनी साधी युक्ती सांगितली, पाचसहा वेळा उघडमीट करायची, की बोटं सैल पडतात. काका आठवड्यात सदऱ्याचं बटण सोडून गावभर यंत्र दाखवत फिरू लागला.

मिताली परत निघाली तेव्हा तो स्टँडवर आला. ती एसटीत खिडकीशी बसली. त्याने खाली उभं राहून पाचसहा वेळा मूठ उघडमीट केली. शेवटी बोटं झटकन उघडली.

"बघितलंस गो? सुटते आता."

मग त्याने खिडकीतून तिचा हात धरला. कंडक्टरने दोनदा घंटी दिली, गाडी हलली, तरी काकाने तो सोडला नाही.