रंगारी

"सर, तहसीलवाले पूछ रहे, दो कागज में दो जात कैसे?"

ललितानं दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि ओढणीनं तोंड पुसलं. भैरवगढहून भर दुपारी सायकल हाणत आली होती बिचारी. एक कागद वडिलांचा, त्यात जात लिहिलेली छीपा. दुसरा शाळेचा दाखला, त्यात रंगारी. पोरगी पीएमटीला बसली होती, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला, आणि कोचिंग नाही की काही नाही, चक्क पास झाली होती. मागासवर्गाच्या राखीव जागा तेव्हा नव्यानंच निघाल्या होत्या. तिचा नंबर असा, की त्यातली एक जागा तिचीच. फक्त पुढच्या मंगळवारी भोपाळला काउन्सेलिंग होतं आणि तिथे तहसीलचं जातीचं प्रमाणपत्र दाखवायचं होतं.

"बैठो, देखता हूँ," गोपाळकृष्ण पोतनीस म्हणाले आणि त्यांनी कपाटातून सात वर्षांपूर्वीचं दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे मुलींच्या प्रवेशाची नोंदवही, काढलं.

ह्या सरकारी कन्याशाळेचे ते बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. पूर्वज शिंदे संस्थानच्या दफ्तरात कारकून, त्यामुळे वळणदार अक्षर आणि शुद्धलेखन हा घरातला कुळाचारच म्हणा ना. शाळेतल्या मास्तरणींच्या अर्जातले ऱ्हस्वदीर्घसुद्धा ते लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून परत पाठवायचे. लोक मागे हसायचे, पण दबूनही असायचे.

रजिस्टर उघडलं आणि त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. कु. ललिता, पिता मांगीलाल. जातीच्या रकान्यात, त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात, रंगारी.

तो दिवस त्यांना लख्ख आठवला. मांगीलाल, निळ्या बोटांचा माणूस, टेबलापुढे अवघडून उभा. "जात?" "छीपा, साब." "छीपा मतलब?" "कपड़ा रंगते हैं, छापते हैं." अच्छा, रंगारी! आई नाही का म्हणायची, ते लुगडं रंगाऱ्याकडे टाकून ये म्हणून. छीपा हा शब्द त्यांना गावंढळ वाटला, सरकारी रजिस्टरात न शोभणारा. म्हणून त्यांनी तो सुधारला. सुधारला, बरं का! समोर उभ्या माणसाला एका शब्दानं विचारलं नाही.

"गलती किसकी है, सर?" ललितानं विचारलं.

प्रश्न सरळ होता, उत्तरही सरळच होतं. चूक माझी, अशी दोन ओळींची कबुली लिहून प्रिन्सिपल मॅडमपुढे ठेवली असती, तर संध्याकाळच्या आत दुरुस्ती होऊन शिक्का बसला असता. पण गोपाळकृष्ण दिवाळीआधी रिटायर होणार होते. तेहतीस वर्षांच्या सर्व्हिस बुकात एक वाकडा शेरा नाही. आणि मॅडम म्हणजे आग्यावेताळ. जातीच्या नोंदीत बाबूनं आपल्या मनानं लिहिलं म्हटल्यावर चौकशी लावल्याशिवाय राहत्या ना. पेन्शनचे कागदही त्यांच्याच सहीसाठी पडलेले.

त्यांनी रजिस्टर मिटलं.

"एडमिशन के टाइम पिताजी जो बताते हैं, वही लिखा जाता है," ते म्हणाले. "उनसे शपथपत्र बनवा लो, कि जानकारी गलत दी थी. फिर ज़िला दफ़्तर से मंज़ूरी आएगी, और हम सुधार देंगे."

नियम खरा होता, पण चूक पालकाची असेल तेव्हाचा. ललितानं एकदा मिटलेल्या रजिस्टराकडे बघितलं. मग "जी, सर" म्हणाली आणि कागद उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी मांगीलाल स्वतः शपथपत्र घेऊन आला. त्यानं खाली वाकडीतिकडी सही केली होती. "बाबूजी, मैं तो पढ़ा-लिखा नी हूँ. मैंने ही कुछ उलटा बोल दिया होगा. म्हारी छोरी को काम कर दो." आणि त्यानं हात जोडले. गोपाळकृष्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडाशी आलं होतं, की अरे बाबा, तू बरोबरच बोलला होतास. पण आलं तसं त्यांनी गिळलं.

मग मात्र त्यांनी जिवाचं रान केलं. फाइल टपालानं न पाठवता स्वतः लूनावर घालून जिल्हा कचेरीत नेली. साहेब दौऱ्यावर. शनिवारी पुन्हा गेले, साहेब मीटिंगमध्ये. रविवार सुट्टीत गेला. सोमवारी साहेबांनी फाइल ठेवून घेतली. मंगळवार उजाडला आणि मावळला. मंजुरी गुरुवारी आली, सगळ्या सह्याशिक्क्यांनिशी. तोवर ललिताची जागा खालच्या नंबराला गेली होती.

त्या संध्याकाळी ते पानावर नुसते बसून राहिले.

"तब्येत खराब आहे का?" मंगलाताईंनी, त्यांच्या बायकोनं, विचारलं. "की ऑफिसमध्ये कोणी काही बोललं?"

"एका मुलीची सीट गेली. डॉक्टरकीची."

"ती भैरवगढवाली? अहो, मग तुम्ही काय करणार? तुम्ही तर किती चक्कर मारले तिच्यासाठी! दुसरा कोणी बाबू असता ना, तर दरवाज्यातूनच भगवलं असतं."

त्यांनी ताट बाजूला सारलं. आपण भला माणूस असल्याचं बायकोच्या तोंडून ऐकणं इतकं जड जाईल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

ऑक्टोबरात निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, समोसे. प्रिन्सिपल मॅडमनी, कधी नव्हे ते हसून, भाषण केलं. "पोतनीस बाबू के रजिस्टर में तैंतीस साल में एक अक्षर की गलती नहीं मिलेगी." टाळ्या पडल्या. गोपाळकृष्ण मान खाली घालून शालीच्या दशा चाळवत बसले. लोकांना वाटलं, गहिवरले.

घरी येऊन त्यांनी प्रिन्सिपलच्या नावे एक अर्ज लिहिला: ललिताची जात लिहिण्यात चूक झाली ती माझ्या हातून, तिच्या वडिलांनी योग्य तेच सांगितलं होतं. खाली सही केली. पेन्शन अडकली तर अडकू दे, असं मनाशी म्हणाले आणि सकाळी लूना काढून भैरवगढला गेले.

मांगीलाल नदीवर छापलेलं कापड धुवायला गेला होता. ललिता लांबलचक टेबलावर चादर छापत होती. ठसा रंगात टेकवायचा, कापडावर ठेवायचा, वर मुठीचा एक ठोका. त्यांना बघून ती थांबली.

"नमस्ते, सर."

"पढ़ाई? फिर से बैठोगी न पीएमटी में?"

"बाबूजी ने एक ही बार बैठने का बोला था, सर. वो हो गया. जनवरी में शादी है."

गोपाळकृष्णांनी अर्ज पुढे केला. "बेटा, वो गलती तुम्हारे पिताजी की नहीं थी. मेरी थी. इसमें लिख दिया है."

तिचे हात रंगानं भरलेले. तिनं अर्ज हातात न घेता, मान तिरकी करून वाचला.

"मालूम है, सर."

"मालूम है?"

"उसी दिन मालूम था. रजिस्टर सामने खुला था, आपके अक्षर कौन नहीं पहचानता? और हमारे यहाँ रंगारी कोई बोलता ही नहीं, आप मराठी लोग बोलते हैं." तिनं ठसा बाजूला ठेवला. "मैंने सोचा, मंगलवार तक आप बोल देंगे."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी निमूट ऐकल्या असत्या. पण तिनं वाट बघितली होती, पुरे सहा दिवस, त्यांच्या एका वाक्याची. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याचीही त्यांना लाज वाटली.

"मुझे माफ़ कर दो," ते म्हणाले.

ललिता हात पुसत म्हणाली, "ये तो अब मेरे काम का नहीं, सर. पर जमना आपके ही स्कूल में नौवीं में है. मेरी छोटी बहन. उसके नाम के आगे भी आपने वही लिखा है."

चार महिने जमनाच्या वर्षाचं रजिस्टरही त्यांच्याच कपाटात होतं, हात लांबवला तर हाती येईल असं. एकदाही उघडून बघायचं त्यांना सुचलं नव्हतं.

ललितानं आतून वहीचा एक कोरा कागद आणून दिला. गोपाळकृष्ण खाली चटईवर बसले, मांडीवर कागद घेतला, लिहू लागले. कु. जमना, पिता मांगीलाल, जाति... इथे त्यांचं पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं.

"छीपा में छोटी इ कि बड़ी ई, बेटा?"

"बड़ी ई, सर," ललिता म्हणाली, आणि त्यांनी तसं लिहिलं.