नव्वद टक्क्यांची लाज

मी एक तक्ता बोलतोय. चार चौकोनांचा, जाड पुठ्ठ्यावरचा. मान खाली घालूनच बोलतोय. माझ्यात एकही आकडा खोटा नव्हता, तरी माझ्यापायी एका नव्या सुनेला दोन महिने चौकातल्या नळावर एकटीनं उभं राहावं लागलं.

माझा जन्म मेटोदींच्या टेबलावर झाला. ते ग्रामकचेरीतले कारकून. पट्टीशिवाय रेघ ओढली तर जेवण न जाणारे. संत गेओर्गीच्या सणाला अख्खं गाव, म्हणजे दोनशे माणसं, चर्चमागच्या कुरणात जेवलं आणि दुसऱ्या दिवशी वीस जणांची पोटं बिघडली. मेटोदी वही घेऊन दारोदार फिरले. "बानित्सा खाल्ली होती का?" एवढं एकच विचारत. तेवढंच का? तर पेनाकाकूंनी तसं सुचवलं होतं.

बानित्सा म्हणजे चीज भरलेली, पापुद्र्यांची, भट्टीत भाजलेली पोळी. वर्षभरात लग्न होऊन आलेल्या सुनेनं ती सणाला करायची आणि गावानं तिचा घास घ्यायचाच, अशी आमच्याकडची रीत. घास नाकारणं म्हणजे सुनेला उंबऱ्याबाहेर ठेवणं. त्या वर्षीची सून नेवेना, डोंगरापलीकडची, चार शब्दांच्या जागी दोन बोलणारी. पेनाकाकूंना नेवेनाच्या सासरी स्वतःची भाची द्यायची होती. त्यांनी घास घेतला नाही; दात दुखतो म्हणाल्या. कोकराचं मटण मात्र त्याच दातांनी खाल्लं.

मेटोदींनी मला भरलं. बानित्सा खाल्लेले एकशे ऐंशी: त्यांतले अठरा आजारी, एकशे बासष्ट ठणठणीत. न खाल्लेले वीस: त्यांतले दोन आजारी, अठरा ठणठणीत. मग त्यांनी आजाऱ्यांचा रकाना पाहिला. विसांपैकी अठरा. लाल शाईची दौत उघडली आणि माझ्या कपाळावर लिहिलं: "आजाऱ्यांपैकी ९० टक्के लोकांनी बानित्सा खाल्ली होती."

खरं सांगतो, त्या क्षणी मला अभिमान वाटला. लाल शाई कोणाला आवडत नाही?

मला वाचनगृहाच्या भिंतीवर टांगलं. लोक यायचे, कपाळ वाचायचे, जायचे. खालच्या चौकोनांकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

"नव्वद टक्के! अहो, विषच की!" पेनाकाकू म्हणाल्या.

"डोंगरापलीकडचं चीज, दुसरं काय होणार?" मागून कोणीतरी म्हणालं.

शेजाऱ्याची थाळी रिकामी परत करायची नाही, निदान चार अक्रोड तरी घालायचे, हा इथला शिरस्ता. नेवेनाच्या थाळ्या रिकाम्या परत येऊ लागल्या, आणि ती नळावर आली की बायका निघून जाऊ लागल्या. जूनअखेरचा पेत्रोव्हदेनचा सण आठवड्यावर आला, तेव्हा बायकांनी ठरवलं: यंदा तिचं तबक पंगतीत नको. एकदा का तबक परत गेलं, की ती या गावची कायमची पाहुणी.

दुसऱ्या दिवशी नेवेना पुस्तक परत करायला आली आणि माझ्यासमोर थांबली. मेटोदी तिथंच वर्तमानपत्र वाचत बसले होते. कपाळ वाचलं. मग खाली उतरली, एकेक चौकोन बोट ठेवून. मला वाटलं, भिंत दुभंगावी आणि आत घ्यावं.

"मेटोदीकाका, एक विचारू?" ती म्हणाली. "गावातल्या किती जणांनी खाल्ली होती?"

"एकशे ऐंशी."

"म्हणजे शंभरातले नव्वद. मग आजाऱ्यांतही नव्वद असणारच की. नव्वद टक्क्यांच्या पायांत रबरी बूटही असतील, म्हणून बुटांनी पोटं बिघडली का?"

मेटोदी हसले नाहीत. पेन्सिल घेऊन आडव्या ओळीनं मोजू लागले. खाल्लेल्या एकशे ऐंशीतले अठरा, दहा टक्के. न खाल्लेल्या विसांतले दोन, दहा टक्के. पुन्हा मोजलं. तेच.

"खाल्ली काय न खाल्ली काय, सारखंच," ते पुटपुटले. कान लाल झाले होते, माझ्या कपाळासारखे. "पोरी, मी उभं वाचलं गं. आडवं वाचायला हवं होतं."

त्यांनी दुरुस्ती लिहिली, पण पेन्सिलीनं, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. चूक लाल, कबुली करडी. माणसांची रीतच ती, आणि माझ्या अंगावर ती कायमची गोंदली गेली. साहजिकच, कोणी वाचली नाही.

पेत्रोव्हदेनला नेवेनाच्या सासूबाई, त्सोना, वाचनगृहात शिरल्या. नव्वद टक्क्यांनंतर त्या सुनेशी मोजकंच बोलत. मेटोदींनी घरी जाऊन सगळं सांगितलं, तेव्हापासून सुनेच्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या. त्यांनी मला खिळ्यावरून उपटलं, पंगतीच्या टेबलावर उताणं टाकलं आणि वर गरम बानित्साचं तबक ठेवलं.

"अगं त्सोना, ते तबक नको ठरलंय ना?" पेनाकाकू म्हणाल्या.

"खाली तक्ता आहे, तळाची दुरुस्ती वाचायचीय? मग तबक रिकामं करा. आणि पेना, त्यात न खाऊन आजारी पडलेले दोघं आहेत. एक आमचे सासरे. दुसरं कोण गं?"

टेबलभर हशा पिकला. पेनाकाकूंना पुन्हा दात आठवला. मेटोदींनी पहिला तुकडा उचलला आणि उभ्यानंच, सगळ्यांदेखत खाल्ला. मग हात येत गेले. तबक संपलं. त्सोनांनी शेवटचा तुकडा सुनेच्या तोंडाशी धरला.

आता मी कचेरीच्या खणात असतो. अंगावर लोण्याचे डाग आहेत, पण लाल नव्वद त्यांतूनही दिसतो. त्या दिवशी पोटं कशानं बिघडली, ते मला आजही ठाऊक नाही. तसा चौकोनच कोणी आखला नव्हता. एवढंच मागतो: माझ्या जातीचा कोणी भिंतीवर दिसला, तर त्याच्या कपाळावर थांबू नका. टक्के कोणातले, ते आधी विचारा. आम्हाला स्वतःहून सांगता येत नाही. येत असतं, तर त्या दोन महिन्यांत मी एकदा तरी ओरडलो असतो.