तातियाच्या दगडावरचा लाल रंग

ऑगस्टस सम्राटाच्या वाढदिवशी शहराचं नवं वर्ष सुरू व्हायचं. त्याआधी मेनेआस पाथरवट बाजारातल्या मोठ्या शिलालेखात लाल रंग भरायचा. रंग उडाला की कोरलेली अक्षरं उन्हात दिसेनाशी होत. सम्राट हा देव आहे आणि या देवाच्या जन्माने जगासाठी आनंदवार्तांची सुरुवात झाली, असं त्या लेखात होतं.

त्याच्या बायकोला, तातियाला, वाचता येत नसे. ती भाकरी घेऊन आली की तो वाचून दाखवी.

"आणि ही आनंदवार्ता आली तेव्हा पीठ स्वस्त झालं का हो?" ती विचारी.

ती ख्रिस्ताच्या मंडळीत जायची. तिथे 'आनंदवार्ता' हाच शब्द रोमन लोकांनी क्रुसावर मारलेल्या एका माणसासाठी वापरत. मेनेआसला तो माणूस कधी पटला नाही. तातिया पटली होती.

उन्हाळ्यात ती तापाने गेली. माझ्या थडग्याच्या दगडावर तो शब्द घाला, एवढंच तिने मागितलं होतं. त्याने कोरलं, 'तातिया. प्रभू येशूची आनंदवार्ता हिने ऐकली.' वेशीबाहेर, रस्त्याच्या कडेला तिच्या थडग्यावर तो दगड उभा केला. रंग तेवढा भरायचा राहिला.

बाजाराचा अधिकारी फिलेतास त्याचा लहानपणचा मित्र होता. दगड पाहून त्याने रस्त्यावर दोन्ही बाजूंना नजर टाकली. मग म्हणाला, 'प्रभू' काय, 'आनंदवार्ता' काय, हे शब्द सम्राटाचे आहेत. नव्या वर्षाच्या सणाची मिरवणूक इथूनच सम्राटाच्या देवळाकडे जाते. कुणी वाचलं तर दगड फोडतील आणि तुलाही सोडणार नाहीत.

"रंग भरू नकोस, एवढंच कर," तो हळूच म्हणाला. "कोरलेलं राहू दे. मला काही दिसलं नाही."

मेनेआसने मान डोलावली. अक्षरं तर राहणार होती.

सणाच्या सकाळी बाजारातल्या लेखाच्या काही ओळी रंगवायच्या बाकी होत्या. भरता भरता तो 'आनंदवार्ता' या शब्दापाशी आला. भाकरी आणणारं कुणी नव्हतं. सम्राटाचा शब्द दर वर्षी लाल व्हायचा आणि तिचा तसाच पुसट राहणार होता, तोही त्याच्याच संमतीने. त्याला स्वतःचीच चीड आली. रंगाचं मडकं उचलून तो वेशीबाहेर गेला.

मिरवणूक आली तेव्हा तिचं नाव लाल झालं होतं. पुढचे लोक थांबले, मागचे त्यांच्यावर आदळले. हार घातलेला बळीचा बैल मध्येच उभा राहिला. फिलेतास धावत आला. त्याने मेनेआसचा दंड धरला.

"अरे ऊठ. सगळे बघतायत."

"बघू देत. रंग त्यासाठीच असतो."

"बाजारातला लेख अर्धा राहिलाय, मेनेआस. तो तरी पुरा कर. मी सांगतो त्यांना, बायको गेल्यापासून याचं डोकं ठिकाणावर नाही."

"डोकं ठिकाणावर आहे, असं सांग. तुझ्या सम्राटाला माणसं पुष्कळ आहेत. हिला मी एकटा आहे."

मिरवणुकीतल्या पुजाऱ्याने शिपायांना खूण केली. मेनेआसने कुंचला बुडवला आणि पुढचं अक्षर भरायला घेतलं.