क्षार काढायचा उपाय

तीस वर्षं प्लंबर म्हणून लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्यांत हात घातला. पण माझ्याच अंगाची आली तेवढी किळस कशाचीच आली नाही.

किडन्या बसल्यापासून अंगाला खाज. सकाळी बायको चादर झटकायची आणि म्हणायची, "अहो, कोंडा फार पडतोय. कणीक मळू का?"

डायलिसिसच्या खुर्चीशी डॉक्टरबाईंनी समजावलं, "काका, तुमचं फॉस्फेट बाहेर पडत नाही, रक्तातच साचतं. किडनीशिवाय व्हिटॅमिन डीही कामाला लागत नाही, म्हणून खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग मानेतल्या चार बारक्या ग्रंथी चवताळतात. त्यांचं हार्मोन हाडं पोखरून कॅल्शियम काढतं. ते जाऊन रक्तवाहिन्यांत बसतं."

"म्हणजे पाइपात क्षार."

"बरोब्बर! महिन्यात फॉस्फेट उतरलं नाही, तर ऑपरेशन करून त्या ग्रंथी काढाव्या लागतील."

गळ्यावर सुरी! मी हादरलोच.

बायकोने फॉस्फेटवालं दूध, चीज बंद केलं. प्रत्येक जेवणात घासाबरोबर चावायची, फॉस्फेट अडवणारी गोळी सुरू झाली. भिंत चाटल्यासारखी चव. पण नुसत्या गोळीने क्षार निघतो होय? क्षार धरलेला नळ कोल्ड्रिंकमध्ये बुडवला की चकाचक होतो. तेच काळं, कोलावालं. हे त्या डॉक्टर पोरीला कोण सांगणार?

अवजारांच्या पेटीत बाटल्या लपवल्या. डायलिसिसवाल्याला पाणीही मोजून मिळतं, त्या मापातून वाचवून रोज एक कप प्यायचो. कोमट, गॅस गेलेलं, चिकट. त्याला ग्रीसचा वास. ढेकरही ग्रीसचाच. शी! पण डोळे मिटून गिळलं. गळा वाचवायचा होता.

महिन्याने रिपोर्ट आला. फॉस्फेट आणखी वर.

"पानातलं सगळं मी मोजून वाढते हो," बायको रडकुंडीला आली.

मग मला बोलावंच लागलं. बोललो तेही जरा ऐटीत.

डॉक्टरबाईंनी कपाळ धरलं. "काका, त्या कोल्यात फॉस्फरिक ॲसिड असतं. तुम्ही महिनाभर फॉस्फेटच प्यायलात."

"लोकांच्या घरी अक्कल पाजळली ती पुरली नाही," बायको म्हणाली, "आता स्वतःलाच पाजली!"

ऑपरेशन मंगळवारचं ठरलं.

घरी येऊन उरलेली बाटली बादलीत ओतली आणि मोरीचा जुना नळ काढून त्यात टाकला. तासाभराने पुसला तर लखलखीत. त्यात माझं तोंड दिसलं, पिवळट, ओरबाडलेलं.

"निघाला का क्षार?" आतून बायको.

"निघाला."

"बघा, उपाय बरोबरच होता. फक्त नळ चुकला."

मी मोरीत थुंकलो. अजून ग्रीसचीच चव होती.